शहर काढून घेतलं तर? : मराठी नागर अद्भुताची एक वाचनयादी

(यवतमाळ इथे वाचकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय मी निवडलेला नाही. तो आमच्या शेजारच्या बारावीतल्या एका मुलीने दिला. ती मोबाइलवर इंग्रजी कादंबऱ्या वाचते. एक दिवस अंगणात आली आणि म्हणाली, "काका, ते अर्बन फँटसी म्हणतात ना, तसं आपल्याइकडं कोणी लिहिते काय?" आता मी पडलो जुना वाचक. असा प्रश्न आला की छाती फुगते. मी म्हटलं, लिहिते म्हणजे काय, ढिगानं लिहिते! कपाटातून नारायण धारप काढले, रत्नाकर मतकरी काढले, वर जी. एं.चं एक पुस्तक ठेवलं आणि गठ्ठा तिच्या हातात दिला.

दोन आठवड्यांनी गठ्ठा परत आला. पोरगी प्रामाणिक आहे. म्हणाली, "काका, भुतं लय भारी आहेत. पण शहर कुठं आहे?"

राजेहो, त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिला भुतांची यादी दिली होती, तिने मागितली होती शहराची. आजचं व्याख्यान म्हणजे ती चुकलेली यादी दुरुस्त करण्याचा प्रयत्न आहे. शेवटी आपण यवतमाळपर्यंत येणार आहोत, कारण मला वाटतं या प्रश्नात आपल्या जिल्ह्याचंही काहीतरी अडकलेलं आहे.

आधी कसोटी ठरवू. ती मुलगी जे वाचत होती ते बेन आरोनोविच यांचं 'रिव्हर्स ऑफ लंडन', २०११ सालचं पुस्तक. लंडनचा एक साधा पोलीस शिपाई जादू शिकतो, आणि त्याला कळतं की थेम्स नदी ही एक जिवंत बाई आहे, आणि शहरातल्या लहान नद्या तिच्या मुली आहेत. यातल्या काही नद्या केव्हाच गटारात गेल्या, रस्त्याखाली गाडल्या गेल्या. पण देवता आहेत त्या, मरत नाहीत. हद्दीवरून भांडतात. आता या गोष्टीतून लंडन काढून घ्या. काय उरतं? काहीच नाही. पोलीस ठाणं, गटारं, पूल, हद्दी यांच्यातूनच ती जादू निघते.

तर माझी कसोटी एवढीच : शहर काढून घेतलं तर गोष्ट कोसळते का? कोसळली तर ते नागर अद्भुत. नाही कोसळली, तर ती चांगली भूतकथा असेल, रूपककथा असेल, परीकथा असेल. त्यात कमीपणा काही नाही, पण पोरीने मागितलेलं ते नव्हे.

आणि एक गोष्ट जाता जाता. नदी म्हणजे बाई, हे ऐकून आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. आपल्या विहिरींवर, डोहांवर साती आसरा आहेतच. शेंदूर लावलेले सात दगड. नळयोजना आली, विहीर बुजली, वर काँक्रीट झालं. आसरा कुठे गेल्या? हा प्रश्न मराठी लेखकाला पडायला हवा होता. तो क्वचितच पडला. का?

याचं कारण थोडं मागे जाऊन पाहावं लागतं. मराठी कादंबरीची पहिली पावलं बघा. १८५७ मध्ये बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' आलं. विधवांच्या दुःखाची, खऱ्या समाजाची गोष्ट. त्याच्या पाठोपाठ १८६१ मध्ये हळब्यांची 'मुक्तामाला', १८६८ मध्ये रिसबुडांची 'मंजुघोषा'. राजपुत्र, राजकन्या, कपट, योगायोग, नवल. वाचक या अद्भुतावर तुटून पडला. मग १८८५ पासून हरिभाऊ आपटे आले, 'मधली स्थिती' आली, आणि पुण्याचं खरं शहर कादंबरीत आलं. तिथून आपल्याकडे दोन कपाटं झाली. एका कपाटात शहर, नोकरी, संसार, सुधारणा. ते गंभीर साहित्य. दुसऱ्या कपाटात नवल, भीती, तळघरं, खजिने. ते वेळ घालवायचं साहित्य. शहर वास्तवाच्या वाट्याला गेलं आणि अद्भुत पडक्या वाड्यांच्या वाट्याला गेलं. सव्वाशे वर्षं झाली, ग्रंथालयांतही ती दोन कपाटं समोरासमोर उभी आहेत. नागर अद्भुत लिहिणारा लेखक या दोन कपाटांच्या मधल्या बोळात सापडतो. म्हणून तो सापडत नाही.

आता यादी. सुरुवात धारपांपासूनच करायला हवी.

नारायण धारप, १९२५ ते २००८. शंभराहून जास्त पुस्तकं. माझ्या पिढीतल्या कित्येकांना रात्री दिवा चालू ठेवून झोपायची सवय या माणसाने लावली. पण धारपांचं नाव घेतलं की आजकाल कोणीतरी लगेच म्हणतं, "ते सगळं स्टीफन किंगचं उचललेलं." यात तथ्य आहे. 'लुचाई'मागे किंगची 'सेलम्स लॉट' आहे, 'आजी' या कथेमागे किंगचीच 'ग्रॅमा' आहे. मग प्रश्न येतो, याला अस्सल आपलं म्हणायचं का?

आपण संत्र्याच्या मुलखातली माणसं आहोत. संत्र्याचं झाड बी लावून करत नाहीत, हे इथे कोणाला सांगायला नको. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. मूळ एकाचं, फळ दुसऱ्याचं. बाजारात कोणी विचारत नाही की खुंट कोणाचा. फळ गोड आहे का, एवढंच विचारतात. वाङ्मयातही तेच. 'मधली स्थिती'लाही रेनॉल्ड्सच्या लंडनवरच्या कादंबरीचा आधार होता. म्हणून काय हरिभाऊंचं पुणं खोटं ठरलं?

'आजी' या कथेचा प्रवास तर बघण्यासारखा आहे. अमेरिकेतली गोष्ट धारपांनी मराठीत आणली. ती गोष्ट राही अनिल बर्वे यांना त्यांच्या मित्राने ऐकवली, आणि कुठे, तर आपल्या नागझिऱ्याच्या जंगलात. त्या भीतीतून पुढे कित्येक वर्षांनी 'तुंबाड' हा सिनेमा झाला, २०१८ साली. पहिल्यांदा तो बेताचाच चालला. २०२४ मध्ये पुन्हा लावला तेव्हा लोकांनी पहिल्यापेक्षा जास्त गर्दी केली. म्हणजे वाचक-प्रेक्षक नाहीत, ही सबब आता चालायची नाही.

तेव्हा उसनेपणाचा आरोप मी फार मनावर घेत नाही. माझी तक्रार दुसरी आहे. धारपांची माणसं शहरातली असतात : नोकरदार, हिशेबी, रजा टाकून निघणारी. पण संकट येण्यासाठी त्यांना शहराबाहेर जावं लागतं. वारसाहक्काने मिळालेलं घर, आडबाजूचं गाव, बंद खोली. शहर हे धारपांकडे सुरक्षित ठिकाण आहे, जिथून निघायचं आणि जगलोवाचलो तर परत यायचं. आणि दुसरं म्हणजे समर्थ. समर्थ आले की आपण निर्धास्त होतो, जसे डॉक्टर दारात दिसल्यावर होतो. भीतीला उत्तर तयार असतं. एक मात्र खरं, त्यांनी मराठी मध्यमवर्गीय घराच्या जोत्यावर अद्भुताची वीट बसवून दाखवली. कसोटीला धारप अर्धेच उतरतात, पण दार तेच आहे. त्या दारातून आत शिरल्याशिवाय पुढचं घर दिसत नाही.

दुसरं नाव रत्नाकर मतकरी. १९३८ ते २०२०. नाटककार म्हणून सगळे ओळखतात, 'अलबत्या गलबत्या' कोणी पाहिलं नाही? पण मी आज त्यांच्या गूढकथांबद्दल बोलतो आहे. 'गूढकथा' हा शब्दही महत्त्वाचा. भयकथा म्हणजे भीती वाटली की काम झालं. गूढकथेत भीती ओसरल्यावर काहीतरी खटकत राहतं.

मतकरींमध्ये फरक काय पडला, तर भूत घरात राहायला आलं. बाहेरगावी जायची गरज उरली नाही. मुंबईच्या दोन खोल्या, भिंतीपलीकडे शेजारी, एकाच घरात म्हातारे आईबाप, आजारी माणूस, नकोसा झालेला पाहुणा. दाटीत राहणारी माणसं एकमेकांबद्दल जे बोलत नाहीत, ते मतकरींकडे आकार घेऊन उभं राहतं. शहरात जागा कमी म्हणून मन दडवायलाही जागा कमी. त्यांच्या एका संग्रहाचं नाव बघा : 'फाशी बखळ'. बखळ म्हणजे काय, आजच्या पोरांना विचारून बघा. भरवस्तीत एखादं घर पडतं, जागा मोकळी राहते, कोणी बांधत नाही. पोरं खेळतात, कचरा साचतो, रात्री कोणी तिकडून जात नाही. ती बखळ. खेड्यात बखळीची भीती वाटेल का? सगळीकडे मोकळंच असतं! चारी बाजूंनी घरं असली तरच मधलं नसलेलं घर भिववतं. म्हणजे त्या एका शब्दात नागर अद्भुत आहे. शहराने केलेली भोकं, आणि त्यातून आत येणारं काहीतरी.

मुलीला मी आता सांगेन, 'गहिरे पाणी' घे, 'रंगांधळा' घे, 'कबंध' घे, आणि सलग वाचू नकोस. रोज एक कथा. कारण मतकरींची एक खोड आहे, शेवटची कलाटणी. दहा कथा एका बैठकीत वाचल्या तर कलाटणीची वाट बघायची सवय लागते आणि मधली माणसं निसटतात. नाटककाराचा हात आहे, पडदा कुठे पाडायचा हे त्याला जरा जास्तच ठाऊक आहे.

तिसरं नाव तुमच्यापैकी थोड्यांनी ऐकलं असेल. विलास सारंग. जन्म १९४२, कारवारचा. मुंबईत इंग्रजीचे प्राध्यापक, मधली काही वर्षं इराकमध्ये बसऱ्याला शिकवायला. 'सोलेदाद' हा कथासंग्रह १९७५ चा, 'एन्कीच्या राज्यात' ही कादंबरी १९८३ ची. एन्की हा सुमेर संस्कृतीतला पाण्याचा देव. मराठी माणूस बसऱ्याला जातो आणि तिथल्या सहा हजार वर्षं जुन्या देवाच्या हद्दीत राहतो, हे नावच काय सांगून जातं बघा.

सारंगांना आपल्याकडे 'काफ्काच्या वळणाचे' म्हणून एका वाक्यात निकालात काढतात. मला ते पटत नाही. त्यांच्या एका कथेत गणेशविसर्जनाच्या दिवशी गणपतीच्या मूर्तीच बंड करतात, बुडायला नकार देतात. ही गोष्ट प्रागमध्ये घडेल का? ती मुंबईतच घडणार. कारण लाखोंच्या गर्दीने देव वाजतगाजत आणायचा आणि वाजतगाजत बुडवायचा, हा मुंबईचा दरवर्षीचा व्यवहार आहे. आपण त्याकडे अद्भुत म्हणून पाहत नाही, एवढंच. सारंग त्या व्यवहारातला एकच नियम उलटा करतात आणि सगळं शहर उघडं पडतं. घाबरवणं हा त्यांचा उद्योग नाही. ते अगदी कोरड्या आवाजात, पंचनामा लिहावा तसं लिहितात, आणि म्हणून ते वाचताना अंगावर काटा येतो.

माझ्या कसोटीला पूर्ण उतरणारा पहिला लेखक कोण म्हणाल तर सारंग. आणि गंमत बघा, ज्याच्याकडे शहर सगळ्यात जास्त आहे त्याच्याकडे वाचक सगळ्यात कमी आहेत. कारण तो गंभीर कपाटात ठेवला गेला. भूतकथा वाचणारा तिकडे फिरकला नाही, आणि गंभीर वाचकाने त्यातलं अद्भुत 'प्रतीक' म्हणून वाचलं. प्रतीक म्हटलं की मजा जाते हो. मूर्ती पळाली म्हणजे पळाली. आधी तिच्यामागे धावा, मग अर्थ लावा.

चौथे जयंत पवार, १९६० ते २०२१. नाटक 'अधांतर', गिरणी संपानंतर मोडलेल्या घराचं. पण मी सांगतो आहे ते 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' आणि 'वरनभातलोन्या नि कोन नाय कोन्चा' हे कथासंग्रह. पहिल्याला साहित्य अकादमी मिळालं. लोअर परळला फिनिक्स नावाची कापडगिरणी होती, १९८२ च्या संपानंतर गिरणगाव उठलं, आणि त्या जागेवर आज मॉल आहे, त्याच नावाचा. फिनिक्स हा राखेतून पुन्हा उठणारा पक्षी. उठला खरा, पण उठला तो कोण? हा विनोद लेखकाने केला नाही, शहरानेच केला. लेखकाने फक्त तो नीट ऐकला.

पवारांना कोणी फँटसी लेखक म्हणणार नाही, आणि त्यांनीही म्हणवून घेतलं नसतं. पण त्यांच्या गोष्टी सांगण्याच्या पद्धतीत दंतकथा आहे, चाळीच्या जिन्यात ऐकलेली, प्रत्येक सांगणाऱ्यागणिक वाढत गेलेली. अडीच लाख माणसांचं काम एका फटक्यात जातं तेव्हा उरलेल्या वस्तीत वास्तव आणि वदंता यांच्यातली भिंत पातळ होते. जे कामगार त्या भोंग्यावर आयुष्यभर उठले, त्यांच्या कानात भोंगा वाजतच राहतो. याला भूत म्हणा नाहीतर आठवण म्हणा.

पाचवे आणि आजचे, हृषीकेश गुप्ते. 'अंधारवारी', 'दैत्यालय', 'घनगर्द', 'हाकामारी', 'दंशकाल'. धारपांनी उघडलेल्या दारातून शिरून ज्याने घराची वरची माडीही पाहिली, असा हा लेखक. त्यांच्यामुळे भयकथा पुन्हा चर्चेच्या टेबलावर आली, आणि दोन कपाटांमधली भिंत थोडी खचली. भाषा भरदार, वाक्य लांब, वास आणि स्पर्श यांनी ओथंबलेलं. पण त्यांचा मुलूख कोकणचा, गावाचा, आगराचा, घराण्याचा. हाकामारी बघा : रात्री दारावर येऊन नावाने हाक मारते, ओ दिली की गेलात. गावात सगळ्यांना सगळ्यांची नावं माहीत, म्हणून ती भीती. पण मी विचार करतो, हाकामारी फ्लॅटच्या जमान्यात आली तर काय करेल? बेलवर नाव इंग्रजीत, दाराला भिंग, आतला माणूस कानात हेडफोन घालून बसलेला. हाक ऐकूच येत नाही. ती कथा कोणीतरी लिहायला हवी. गुप्ते कसोटीला पूर्ण उतरत नाहीत, पण आज मराठीत वाचकाला रात्री जागवायची ताकद ज्यांच्यात आहे, त्यांत त्यांचं नाव वर आहे. मुलीला मी 'अंधारवारी'पासून सुरुवात करायला सांगेन, 'दंशकाल' नंतर.

जी. ए. कुलकर्णी मी यादीतून काढले आहेत. त्यांच्याबद्दल माझं प्रेम कमी झालेलं नाही. पण 'काजळमाया' आणि 'रमलखुणा'तल्या त्या वाटा, ती ओसाड नगरं, ते प्रवासी, हे कुठल्याच नकाशावर नाहीत आणि नसावेत. शहर काढून घेतलं तर जी. ए. कोसळत नाहीत, कारण शहर तिथे नव्हतंच. बारावीच्या पोरीच्या हातात मी ते दिलं ही माझी हौस होती, तिची गरज नव्हती. पुस्तक सुचवणाऱ्याने आपली हौस आणि समोरच्याची भूक यातला फरक ओळखावा, हे मी या वयात शिकलो.

आता एक अडचणीचा मुद्दा. इथे बसलेल्यांपैकी कोणाच्या तरी मनात असेल की भुताखेतांचं कौतुक काय लावलंय? आपल्या भागात करणी, भानामती यांच्या नावाखाली बायकांना मारहाण होते, कुटुंबं गावाबाहेर काढली जातात. त्याच्याविरुद्ध २०१३ मध्ये कायदा झाला, आणि त्याआधी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा जीव गेला. हे विसरून अद्भुतावर बोलता येणार नाही, मान्य.

पण मतकरींकडे बघा. नर्मदेच्या आंदोलनासोबत उभा राहिलेला, विवेकाच्या बाजूने जाहीरपणे बोलणारा माणूस, आणि आयुष्यभर गूढकथा लिहिणारा. त्यात विसंगती नाही. अंधश्रद्धा म्हणते, हे खरं आहे, मान आणि त्या बाईला दोषी धर. अद्भुतकथा म्हणते, हे खोटं आहे हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे, घटकाभर धरून चालू आणि बघू काय दिसतं ते. एकीत तुम्ही निर्णय सोपवता, दुसरीत निर्णय तुमच्याच हातात राहतो. म्हणून आपल्या भागात कोणी भानामतीवर लिहायला बसलं तर मी एवढंच म्हणेन : भूत कोणावरही सोडा, पण आरोप ज्या बाईवर होतो तिच्या घरात उभं राहून लिहा. बाहेरच्या गर्दीत उभं राहून लिहिलंत तर ती कथा राहत नाही, ती पंचायतीचा निकाल होते.

आता यवतमाळ.

यादीतलं शहर पाहा. मुंबई, मुंबई, आणि कोकणचं गाव. आपलं काय? वऱ्हाडाला अद्भुत परकं नाही. मराठीतलं पहिलंवहिलं गद्य इथल्याच महानुभावांचं. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ऋद्धिपूर. तेराव्या शतकातले गोविंदप्रभू त्या गावाच्या बाजारात, लोकांच्या घरांत, देवळांत शिरतात, देवांशी बोलतात, लहान मुलासारखे हट्ट करतात, आणि गाव त्यांना वेडे म्हणतं आणि देवही म्हणतं. त्यांच्या लीळा वाचा. गल्ली आहे, दुकान आहे, आणि त्यात मधोमध चमत्कार चालतो आहे. यापेक्षा अस्सल आपलं काय असेल?

मग पुढे काय झालं? विदर्भाकडून मराठी साहित्याने एकच गोष्ट मागितली : वास्तव. उद्धव शेळक्यांची 'धग' आली, सदानंद देशमुखांचं 'बारोमास' आलं. मोठी पुस्तकं आहेत, मी हात जोडतो. आपल्याच जिल्ह्यातल्या पारव्याचे महेश एलकुंचवार, त्यांच्या 'वाडा चिरेबंदी'मधला दारातला तो बंद ट्रॅक्टर, कोण विसरेल? २०१९ मध्ये इथे साहित्य संमेलन झालं, तेव्हा पाहुण्यांवरून झालेला वाद तुम्हाला आठवत असेल. शेवटी शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर संसार ओढणाऱ्या एका बाईंच्या हस्ते उद्घाटन झालं. त्या जे बोलल्या ते ऐकायलाच हवं होतं. पण माझ्या मनात तेव्हापासून एक सल आहे. यवतमाळ म्हटलं की मराठी जग आपल्याकडे दुःख मागतं. आपली कल्पनाशक्ती कोणी मागत नाही. जणू स्वप्न पाहायचा परवाना फक्त नळाला रोज पाणी येणाऱ्या गावांना आहे.

आणि सामान बघा आपल्याकडे किती पडलं आहे! शकुंतला रेल्वे. यवतमाळ ते मूर्तिजापूर, अडीच फुटी रूळ, कापूस वाहायला बांधलेली. देश स्वतंत्र झाला तरी तिची मालकी विलायती कंपनीकडेच राहिली, आणि १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावत होती. आता बंद आहे, रुळांवर गवत आहे. म्हणजे एक आख्खी गाडी आपल्यात भूत होऊन पडून आहे आणि तिचं तिकीट फाडणारा लेखक नाही. वणीकडे जा, जमिनीखाली कोळशाच्या खाणी, वरती माणसांच्या वस्त्या. खालचं शहर आणि वरचं शहर, लंडनला जायची गरज काय? अवनी वाघीण आठवा. तेरा बळींचा आरोप, तिच्या मागावर हत्ती, कॅमेरे, तिला भुलवायला विलायती अत्तर वापरल्याच्या बातम्या जगभर गेल्या; आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या रानात तिला गोळी लागली. अत्तराच्या वासाने वाघीण शोधणारं सरकार, ही कल्पना कुठल्या कादंबरीकाराने लिहिली असती तर संपादकाने 'जरा अती होतंय' म्हणून परत पाठवली असती.

आणि शेवटचं. हे बोलू की नको, असा विचार करत आलो होतो. पण बोलतो.

आपल्या जिल्ह्यात शेतकऱ्याने जीव दिला की फाईल तयार होते. सातबारा, कर्जाचा दाखला, पंचनामा. मग समिती ठरवते : मदतीला पात्र की अपात्र. पात्र असेल तर एक लाख रुपये. अपात्र असेल तर काही नाही. जमीन बापाच्या नावावर होती, कर्ज सावकाराचं होतं, कागद नव्हता. मेलेल्या माणसाला मेल्यानंतर सिद्ध करावं लागतं की तो बरोबर कारणाने मेला.

आता मराठीत 'पात्र' या शब्दाचा दुसरा अर्थ आठवा. कथेतलं पात्र. नाटकातलं पात्र. जो कागदावर अपात्र ठरला, तो कथेत पात्र होऊ शकतो. मला अशी एक कादंबरी वाचायची आहे, जिच्यात अपात्र ठरलेला एक माणूस रोज सकाळी साडेदहाला यवतमाळच्या सरकारी कचेरीत येतो. रांगेत उभा राहतो. शिपाई त्याला ओळखतो, चहा देतो. बाबू म्हणतो, उद्या या. त्याला घाई नाही. तो कोणाला भिववत नाही. त्याला फक्त एक कागद हवा आहे. वास्तववादी कादंबरी या माणसाबरोबर पंचनाम्यापर्यंत जाते आणि थांबते, कारण तिच्यासाठी तो मेला. पुढची गोष्ट अद्भुतालाच सांगता येते. यवतमाळ काढून घेतलं तर ती कोसळेल. म्हणून ती इथेच लिहिली जायला हवी.

तर यादी पुन्हा एकदा, क्रमाने. दार उघडायला धारप. घरात वावरायला मतकरी, रोज एक कथा. झोप उडवायला गुप्ते. गिरणगाव ऐकायला जयंत पवार. आणि एवढं पचलं की विलास सारंग. घाई करू नका, पण सोडूही नका. ग्रंथालयात गेलात तर दोन्ही कपाटं उघडायला लावा. आणि कोणाला पुस्तक सुचवलंत तर ते परत आल्यावर काय सापडलं नाही, हे आवर्जून विचारा. मला माझं आजचं व्याख्यान त्या एका उत्तरातून मिळालं.

त्या मुलीला मी ही नवी यादी दिली आहे. सोबत एक कोरी वहीही दिली. तिने विचारलं, "हे कशाले?" म्हटलं, यादीतलं सहावं नाव अजून रिकामं आहे.

थांबतो.